गाडी दारात उभी असताना शेगावला पायदळ काहून जातात?

कृषीकेंद्रवाला
राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. माघ लागला की माझा वसुलीचा हंगाम सुरू होतो, म्हणजे व्हायला पाहिजे. तूर निघालेली असते, कापसाची शेवटची वेचणी उरकत असते, लोकांच्या हातात चार पैसे असतात. आणि नेमके तेव्हाच गावातले चाळीस-पन्नास जण गजानन महाराजांच्या प्रगटदिनासाठी शेगावला पायदळ निघतात. त्यातल्या निम्म्यांची नावं माझ्या वहीत आहेत.

हे दर वर्षीचंच. यंदा मात्र बाबांनीही काढलं. वय ६७, शुगर आहे, उजवा गुडघा पायरी चढताना बोलतो. मी म्हटलं, बाबा, चारचाकी दारात आहे, सकाळी निघालो तर दुपारी दर्शन घेऊन घरी जेवायला येऊ. तर म्हणाले, "गाडीनं तं तू मले दवाखान्यातई नेतं."

तर दोन प्रश्न. एक, पाठवू का? तीन मुक्काम आहेत, रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर. दोन, लोकांना या चालण्यात मिळतं काय? रांग तीच, दर्शन तेच, प्रसादही तोच. कृपया ऊर्जा, कंपनं वगैरे सांगू नका. ज्यांनी पाय झिजवलेत त्यांनीच सांगा.

ठेचा_भाकर
भाऊ, उधारी वसूल करायची असंन तं टाळ घ्या अन् सोबत निघा. तीन मुक्काम. पळून कुठी जातीन?

मोर्णेकाठचा
मी प्रगटदिनाला नाही, पण आषाढीनंतर महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव दर वर्षी चालतो. १७-१८ किलोमीटरच आहे, पण त्या दिवशी त्या रस्त्यावर डांबर दिसत नाही, नुसती डोकी. पालखीबरोबरचे वारकरी जाता-येता मिळून हजारावर किलोमीटर चालून आलेले असतात आणि तरी ओळीत, टाळाचा ठेका न चुकवता. आपण शेवटच्या टप्प्यात घुसलेले हौशे. त्यांच्याकडे पाहून आपली पाठ आपोआप सरळ होते.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांमागे रस्त्याच्या कडेला एक पंचविशीतला पोरगा तेलाची बाटली घेऊन बसला होता. चालणाऱ्यांच्या पायाला तेल लावून द्यायचं, हीच त्याची सेवा. माझ्या पायाला हात लावला तशी मला लाज वाटली, मी पाय मागे घेतला. तर म्हणतो, "माउली, अर्धा तास झाला, कोणी पायच देईना. मी काय बाटली तशीच घरी नेऊ?" मग दिला. माझ्या पायाला त्याआधी हात लावला होता तो फक्त हाडवैद्यानं, आणि त्यानं पैसे घेतले होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे नाही, माहीत आहे. पण मला आठवलं ते हेच.

खडूस_आजोबा
सगळे गोड बोलताहेत म्हणून मी जरा कडू बोलतो. यवतमाळच्या बाजूला राहतो, रस्त्यालगत शेत आहे. दिंडी गेली की दुसऱ्या दिवशी माझ्या धुऱ्यावर थर्माकोलच्या वाट्या, प्लास्टिकचे ग्लास, केळीची सालं. ग्लास उडून हरभऱ्यात जातात. बैलानं एक गिळला तर सेवा करणारा येतो का? वरून पहाटे तीनला महामार्गावर अंधारात चालायचं, मागून ट्रक. आमच्याकडे एका वर्षी दोघे गेले. मेल्यावर म्हणायचं, भाग्यवान होते, वारीत गेले. मला हे भाग्य समजत नाही.

गाडगेबाबा याच मुलखातले. त्यांचं शेंडगाव धागाकर्त्याच्या दर्यापूरहून काही लांब नाही. ते हातात खराटा घेऊन फिरले. आपण पताका तेवढी घेतली, खराटा घरी ठेवला.

लिंबोणी
आजोबा, थर्माकोलवर शंभर टक्के सहमत. पण गाडगेबाबांचं अर्धंच सांगितलंत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, जिथे जिथे गरीब माणूस चालून जातो तिथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. यात्रेला येऊ नका म्हणायचं असतं तर झोपायची सोय कशाला केली असती? येणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळावं आणि त्यानं घाण करू नये, एवढंच तर होतं.

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. माझं सासर तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर जवळ. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिथून पंढरपूरला पालखी जाते, १५९४ पासून जाते असं सांगतात. आमच्याकडे बाया म्हणतात, रुक्मिणी सासरी चालली, तिला सोडायला जायचं. सासूबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा ५२ वर्षांच्या होत्या. त्याआधी त्यांनी स्वतःहून कुठे जायचं म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. सासरे म्हणाले, पेरणीच्या तोंडावर? त्या म्हणाल्या, पेरणी तिफणीनं होते, माझ्यानं नाही.

महिन्याभरानं आल्या. काळ्याठिक्कर, वजन उतरलेलं. मी पाणी दिलं तर पेला धरलेल्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या हाताच्या बोटांच्या शेंड्यांवर भाकरीचे चटके नेहमीचे असायचे, एक बरा व्हायच्या आत दुसरा. त्या दिवशी बोटं कोरी होती. नवी कातडी आलेली. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

म्हणून मला वाटतं पुरुष कशासाठी चालतात ते पुरुषांनी सांगावं, बाया का चालतात ते मला दिसलं.

ठेचा_भाकर
लिंबोणीताई, "पेरणी तिफणीनं होते" हे आमच्या घरी कोणी बोललं असतं तं तिफणच अंगावर आली असती. दंडवत सांगा त्याईले.

लिंबोणी
सांगते 😄 पण एक कडूही राहिलं. बायांचे हाल फार होतात. तीन वाजता उठायचं ते भजनासाठी कमी, अंधारात उरकून घेण्यासाठी जास्त. दिवसा जागा सापडत नाही म्हणून पाणी कमी प्यायचं. सासूबाई दुसऱ्या वर्षी लघवीच्या त्रासानं अर्ध्या वाटेवरून परत आल्या. मोठ्या पालख्यांत आता फिरती शौचालयं असतात. गावोगावच्या छोट्या दिंड्यांत एक टेम्पो, त्यात गाद्या आणि गंज-परात, झालं. नियोजन करणारे सगळे पुरुष.

डॉ_गावठी
पहिल्या प्रश्नाकडे कोणी पाहतच नाहीये, म्हणून.

६७ वय हा अडथळा नाही. शुगर असलेल्यांचा खरा धोका पायात असतो. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते. खडा टोचतो, फोड येतो, माणसाला कळतच नाही, आणि घरी येईपर्यंत जखम झालेली असते. म्हणून: अनवाणी अजिबात नाही, नवस असला तरी. नवे बूट नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. सुती मोजे, रोज बदलायचे. रात्री मुक्कामाला टॉर्च लावून तळवे दुसऱ्यानं बघायचे, स्वतःला नीट दिसत नाहीत. गोळी घेऊन उपाशी चालायचं नाही, खिशात साखर किंवा खडीसाखर असू द्या. घाम फुटला, हात थरथरले की तोंडात टाकायची आणि बसायचं. चालण्यानं साखर उतरते, तेव्हा गोळीचा डोस आधी त्यांच्या डॉक्टरला विचारा.

आणि फोड फोडू नका. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. दर वर्षी माघात माझ्याकडे दोऱ्यासकट पाय येतात.

गुडघ्यासाठी: आतापासून रोज तीन-चार किलोमीटर चालवा. आणि वाटेत ते म्हणाले बस झालं, तर टेम्पोत बसवा. टेम्पोत बसण्यात कमीपणा नाही हे निघायच्या आधी तुम्ही त्यांना चारचौघांत सांगा. नाहीतर बसणार नाहीत.

पुण्यातला_वऱ्हाडी
माझ्या कंपनीतला एक सहकारी स्पेनला जाऊन आला. तिकडे सांतियागो दे कोंपोस्तेला म्हणून गाव आहे, तिथे संत जेम्स यांची समाधी मानतात. फ्रान्सच्या सीमेवरून चालत जाणारा रस्ता जवळपास ८०० किलोमीटर. हजारेक वर्षांपासून लोक जातात, आणि आता त्यातले बरेच देव मानणारेही नसतात. प्रत्येकाजवळ एक पुस्तिका असते, मुक्कामाच्या ठिकाणी शिक्का मारून घ्यायचा. शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी केले असं शिक्क्यांवरून दिसलं की प्रमाणपत्र मिळतं. सांगायचा मुद्दा, गाडी आली, विमान आलं, तरी हे तिकडेही थांबलं नाही. उलट वाढलं.

ठेचा_भाकर
आपल्याकडे शिक्का डायरेक्ट तळपायावर बसते.

मोर्णेकाठचा
लोल. आणि प्रमाणपत्र म्हणून स्टेशनवरची कचोरी.

खडूस_आजोबा
पुण्यातल्या भावा, त्या रस्त्यावर थर्माकोल दिसतो का, तेही विचार त्या सहकाऱ्याला.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
परतवाड्याकडून. शेगाव-पंढरपूरच चाललंय म्हणून आमचा महादेव मधे घालतो.

आमच्याकडे "महादेवाले जाणं" म्हणजे पचमढी. महाशिवरात्रीला चौरागड. आता मध्य प्रदेशात आहे, पण देव आमचाच, जत्रेत निम्मी बोली वऱ्हाडी-नागपुरी ऐकू येते. नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढायचं. हातभराच्या त्रिशुळापासून दोघा-चौघांनी मिळून उचलायच्या त्रिशुळापर्यंत. वर हजाराच्या वर पायऱ्या, आणि शिखरावर त्रिशुळांचं नुसतं रान उभं आहे. माझे आजोबा गावापासूनच पायदळ जायचे, सातपुडा ओलांडून. बैलगाडीत शिधा आणि माणसं मागे. निघताना गाव वेशीपर्यंत सोडायला यायचं, रडायचंही. परत येईल याची खात्री नसायची ना.

नागपंचमीच्या वेळचं नागद्वार त्याहून अवघड. जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे, वर्षातून दहाएक दिवसच वाट उघडते. पाऊस, चिखल, लोखंडी शिड्या. मी तीनदा गेलो. धागाकर्त्याला सांगतो, तिथे गुहेत दर्शनाला मिळतो अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी कोणी जात असेल असं मला वाटत नाही. मी जातो ते शिडीवर पुढचा माणूस मागच्याला हात देतो त्याच्यासाठी. हात कोणाचा आहे हे बघायला वेळच नसतो.

रिद्धपूरकर
आम्ही महानुभाव. आमच्याकडे हे फार जुनं आहे. चक्रधर स्वामी स्वतः आयुष्यभर पायी फिरले, आणि शिष्यांनाही एका जागी रुजू नका म्हणून अटन, म्हणजे सतत फिरत राहणं, सांगितलं. स्वामी कुठे बसले, कुठे थांबले, त्या जागा नंतर स्थानपोथीत दिशेसह लिहून ठेवल्या. आजही साधू त्या वाटेनं एकेक ओटा नमस्कारत जातात. तिथे पोचण्याची घाई नसते कारण शेवटचं ठिकाण असं नसतंच.

मोर्णेकाठचा
रिद्धपूरकर, हे वेगळंच. यावर स्वतंत्र धागा काढा.

आता अकोल्याची कावड न सांगता गेलो तर मला गावात घेणार नाहीत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि रात्रभर चालून, साधारण १८ किलोमीटर, राजराजेश्वराला घालायचं. पाण्याच्या मडक्यांना "भरणे" म्हणतात. एकशे एक भरण्यांची, त्याहून मोठ्या कावडी असतात, खांदे बदलत नेतात. मी अकरावीत असताना पहिल्यांदा खांदा दिला. आठ दिवस शर्ट घालवत नव्हता.

खडूस_आजोबा
आणि तुझ्या पुढे डीजे होता की नव्हता?

मोर्णेकाठचा
होता आजोबा. खोटं कशाला बोलू. कोणाची कावड मोठी, यावर मंडळा-मंडळांत चुरसही असते. पण पहाटे अकोल्यात शिरायच्या आधी एक पट्टा असा येतो की डीजे मागे अडकलेला असतो, सगळे थकलेले असतात, आणि नुसता भरण्यांतल्या पाण्याचा डुबुक-डुबुक आवाज येतो. मला कावड म्हटली की तोच आवाज आठवतो.

खडूस_आजोबा
हे आधी सांगितलं असतं तर मी डीजेचं विचारलं नसतं.

कृषीकेंद्रवाला
सगळ्यांचे आभार, डॉक्टरांचे विशेष. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. खडीसाखरेवर खूष, बुटांवर नाराज.

पेरणीचा विषय निघाला म्हणून दुकानदाराच्या नजरेनं. आषाढीला चालणारे आणि प्रगटदिनाला चालणारे लोक वेगळे. मृग लागला की ज्याची पेरणी भाऊ किंवा पोरगा सांभाळतो तोच पंढरपूरला निघू शकतो. एकाची वारी म्हणजे दुसऱ्याची पेरणी. ऋषिपंचमीला महाराजांची पुण्यतिथी, तेव्हा सोयाबीन उभं असतं, फवारण्या चालू, वर पाऊस, त्यामुळे जवळपासचेच जातात. माघातच कोरडवाहू माणूस मोकळा असतो. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी शेताला चालत नाही, त्यामुळे तूर-कापूस निघाला की जूनपर्यंत शेतात काम फारसं नाही. म्हणून मला वाटायचं, मोकळा वेळ आहे म्हणून जातात, दुसरं काय.

परवा निघायचं आहे. मी टेम्पोसोबत जातो. पायी नाही, मागे-मागे.

ठेचा_भाकर
वही घेतली का?

कृषीकेंद्रवाला *(बारा दिवसांनी)*
आलो. उशीर झाला, पाय वर करून बसलो होतो.

मागे-मागे वगैरे पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंतच जमलं. टेम्पोत बसून बाप पुढे चालताना बघायचा म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आधी टेम्पोकडे बघतो, मग तुमच्याकडे. उतरलो. पायात दुकानात घालायच्या चपला.

बाबा मजेत. डॉक्टर, तुमचं सगळं ऐकलं, रोज टॉर्च लावून तळवे मी बघितले. बापाचे तळवे मी याआधी कधी बघितले नव्हते. भेगांत काळी माती बसलेली, धुऊनही न निघणारी. शेती सोडून सहा वर्षं झालीत.

फोड मला आला. पूर्णा ओलांडली त्या संध्याकाळी, डाव्या टाचेला, लिंबाएवढा. माझ्या वहीत पान ४३ वर एक गडी आहे. नाव सांगत नाही. दोन हंगामांचे मिळून १८ हजार चारशे. मी दिसलो की तो रस्ता बदलतो, हे गावाला माहीत आहे. त्या दिवशी मुक्कामाच्या शाळेत तो माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "पाय दाखवा मालक." मी म्हटलं, डॉक्टरनं दोरा सांगितला नाही. "डॉक्टर शेगावले चालत आला होता काय?" मग घातला दोरा. डॉक्टर, माफी. टाचेला तेल लावलं, स्वतःचे मोजे दिले. दुसऱ्या दिवशी दिवसभर आम्ही शेजारी-शेजारी चाललो. त्याच्या पोरीचं नर्सिंगला नंबर लागला ते सांगितलं, यंदा बोंडअळी कुठपर्यंत गेली ते सांगितलं. १८ हजाराचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. मला वाटलं होतं मनात तरी येत राहील, पण दुपारनंतर मी फक्त पुढचं गाव किती लांब आहे एवढाच विचार करत होतो. वाटेत बाभळीखाली कोणीतरी गोड्या पाण्याच्या कॅन ठेवल्या होत्या. आमच्या पट्ट्यात गोडं पाणी म्हणजे विकत आणलेलं. त्यावर कोणाचं नाव नव्हतं.

शेगावात पोचलो तर रांग पाच तासांची. मी म्हटलं, चला उभे राहू, एवढं आलो. बाबांनी रस्त्यातूनच कळस बघितला, हात जोडले, आणि म्हणाले, "झालं." मला रागच आला. तीन दिवस चाललो ते कशासाठी? ते सावलीत पिशवी उशाला घेऊन झोपले. मी एकटा रांगेत उभा राहिलो, दर्शन घेतलं, महाप्रसादाची पंगत त्यांना उठवून दाखवली. परतीच्या एसटीत बसल्या-बसल्या माझ्या खांद्यावर डोकं टाकलं ते थेट दर्यापूरला उचललं.

लिंबोणी
तुमचे बाबा आणि माझ्या सासूबाई एकाच शाळेतले.

डॉ_गावठी
दोरा काढला का? टाच लाल आहे? गरम लागते? उद्या दाखवून या. आणि पान ४३ ला माझा नमस्कार, पण पुढच्या वर्षी त्याला बँडेज द्या सोबत.

खडूस_आजोबा
पत्रावळ्या उचलल्या का ते कोणी लिहिलं नाही.

कृषीकेंद्रवाला
आजोबा, तुमच्यामुळे टेम्पोत चार रिकामी खताची पोती टाकली होती. तीन भरली. स्टीलचे पेले पुढच्या वर्षी मंडळाला मी देतो, बोललोय. बायांच्या सोयीचं मात्र अजून कोणी काही बोललं नाही. लिंबोणीताई, काय काय लागतं ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ठेचा_भाकर
ते सगळं जाऊ द्या. पान ४३ आला काय दुकानात?

कृषीकेंद्रवाला
आला होता सोमवारी. फवारणी पंपाचं वॉशर नेलं, वीस रुपयांचं. तेही लिहून ठेवा म्हणाला.

ठेचा_भाकर
मग फोडाच्या इलाजाचे पैसे वळते करून मागतले असतीन त्यानं?

कृषीकेंद्रवाला
मागितले. मी म्हटलं सुई माझी होती. तो म्हणते, दोरा त्याचा होता.